सॅकमध्ये मावणारा कंदील

कंदील हा शब्द मुळात मेणबत्तीचाच. लॅटिनमध्ये मेणबत्ती म्हणजे 'कांदेला'. तो शब्द ग्रीकमधून अरबीत गेला, तिथे त्याचा 'किंदील' झाला आणि फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला. म्हणजे इंग्रजीतली 'कँडल' आणि आपला कंदील ही एकाच घरातली भावंडं. मध्ये रॉकेल आलं आणि कंदील म्हटलं की तोच डोळ्यांसमोर यायला लागला. मी मात्र सध्या मेणबत्तीचा कंदील शोधतेय. ट्रेकच्या सॅकमध्ये मावेल एवढा आणि जुन्या धाटणीचा.

'जुन्या धाटणीचा' म्हणजे कुठल्या काळातला, इथे खरी गंमत सुरू होते. ऑनलाइन दुकानांत काळा रंग मारलेल्या कुठल्याही पत्र्याच्या डब्याला 'व्हिंटेज' म्हणतात. अमेरिकेत १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धातल्या छावण्या हुबेहूब उभ्या करणारे हौशी लोक आहेत. गणवेशाच्या बटणांवरून भांडणारी मंडळी ही. त्या काळाचा म्हणून ओळखला जाणारा एक कंदील म्हणजे मायनरचं पेटंट. घडी घातली की चपटा होऊन खिशात जाणारा. त्याच्या पेटंटची तारीख आहे २४ जानेवारी १८६५. जनरल लीने शरणागती पत्करली ९ एप्रिल १८६५ ला. मध्ये दिवस फक्त ७५! १८६२ च्या छावणीत हा कंदील दिसला तर तो भविष्यातून आलेला समजायचा.

त्याआधीचे कंदील घडीचे नसत. पत्र्याला भोकं पाडून केलेले असत. त्यांच्यातून वारा अडायचा, पण उजेडही अडायचा. काच लावली तर प्रवासात फुटायची. त्याहून जुनी युक्ती शिंगाची. बैलाचं शिंग गरम पाण्यात मऊ करायचं, दाबून सपाट करायचं आणि त्याचे पातळ पापुद्रे काढून खिडकीला लावायचे. उजेड पिवळट पडायचा, पण खिडकी फुटायची नाही. यावरून इंग्रजांनी 'लँटर्न'चं स्पेलिंगच 'लँथॉर्न' करून टाकलं, जणू त्या शब्दात 'हॉर्न' पहिल्यापासून होतं. नव्हतं. तो शब्दही लॅटिनच.

घडीचा कंदील शक्य झाला तो अभ्रकामुळे. अभ्रक काचेसारखं आरपार दिसतं, ज्योतीच्या उष्णतेने तडकत नाही आणि कागदासारखं पातळ सोलता येतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात न्यूयॉर्कच्या स्टोनब्रिजचा घडीचा कंदील बाजारात आला. बर्फ कडक असताना चढून जाण्यासाठी आल्प्समधले गिर्यारोहक मध्यरात्रीनंतर निघायचे, त्यांच्याकडेही घडीचे कंदील असत. त्या काळात जगाला अभ्रकाचे पत्रे पुरवण्यात भारत सर्वांत पुढे होता. कोडरमा, हजारीबाग, नेल्लोर. खाणीतून निघालेले ठोकळे हातानेच सोलले जात, आणि सोलणाऱ्यांत बायका आणि मुलं पुष्कळ असत. एखाद्या कंदिलाच्या खिडकीतलं अभ्रक कुठून आलं, हे त्यावर लिहिलेलं नसतं. पेटंटवाल्याचं नाव मात्र ठसठशीत असतं.

मेणबत्तीच्या बाबतीत मी अस्सलपणाचा हट्ट सोडलाय. जुनी स्वस्त मेणबत्ती चरबीची असे. ती धुरकट जळते, उन्हात मऊ पडते आणि उंदरांना फार आवडते. शिवाय तिची वात सारखी कातरावी लागे, म्हणजे दर थोड्या वेळाने कंदिलाचं दार उघडणं आलं. १८२५ मध्ये फ्रान्समध्ये दोन गोष्टी झाल्या. कांबासेरेसने विणलेली वात काढली, जी जळता जळता वाकते आणि ज्योतीच्या कडेला जाऊन आपली आपण संपते. आणि शेव्रल व गे-ल्युसॅक यांनी चरबीपासून काढलेल्या कडक आम्लांच्या मेणबत्तीचं पेटंट घेतलं. पॅराफिन नंतर आलं. जुन्या कंदिलात नवी मेणबत्ती लावणं ही तडजोड मला बिनदिक्कत मान्य आहे.

उजेड किती? १८६० साली लंडनच्या गॅसच्या उजेडाचं माप कायद्याने ठरवलं, तेच मुळी एका मेणबत्तीवर. देवमाशाच्या डोक्यातल्या मेणाची, तासाला १२० ग्रेन, म्हणजे पावणेआठ ग्रॅम जळणारी. एवढ्या उजेडात ताटातली खिचडी दिसते, समोरच्याचा चेहरा दिसतो. कड्यावरून उतरायला हेडटॉर्चच हवा.

निवडताना मी बघते ती हवेची वाट. खालून हवा आत यायला भोकं हवीत आणि वर गरम हवा बाहेर पडायला टोपीखाली फट हवी. यातलं एक बुजलं की ज्योत धूर ओकते. वरची टोपी हाताला चटका देईल इतकी तापते, म्हणून कडी लांब हवी. तंबूत तो पेटवायचा नाहीच. एक तर तंबूचं कापड झरझर पेटतं, दुसरं म्हणजे बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वासही नसतो. फेब्रुवारीनंतर सह्याद्रीतलं गवत वाळलेलं असतं. तेव्हा गवतात, कारवीत कंदील ठेवायचाच नाही. उघड्या कातळावर जागा नसेल तर तो सॅकमध्येच राहू दे.

नळकांड्याचा, स्प्रिंगवाला कंदीलही मिळतो. स्प्रिंग मेणबत्ती वर ढकलत राहते, त्यामुळे ज्योत कायम खिडकीसमोर असते. बग्गीच्या दिव्यांतही हीच युक्ती होती, तेव्हा तोही जुन्या घराण्यातलाच. डोक्याने विचार केला तर तोच घ्यावा. पण माझं मन घडीच्या कंदिलावर बसलंय. स्टोनब्रिजच्या धाटणीचा, नव्याने बनवलेला एक सापडलाय. फोटोत खिडकी जरा जास्तच स्वच्छ दिसते. विक्रेत्याला विचारलंय, अभ्रक आहे की प्लास्टिक? दोन निळ्या टिका दिसतायत, उत्तर अजून नाही.