सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी

सात्विकसाईराज रंकीरेड्डी (जन्म: १३ ऑगस्ट २०००; अमलापुरम, आंध्र प्रदेश) आणि चिराग शेट्टी (जन्म: ४ जुलै १९९७; मुंबई, महाराष्ट्र) ही पुरुष दुहेरीत खेळणारी भारतीय बॅडमिंटन जोडी आहे. आशियाई खेळांत भारताला बॅडमिंटनमधील पहिले सुवर्णपदक या जोडीने मिळवून दिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुरुष दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत अग्रस्थानी पोहोचलेली ही पहिली भारतीय जोडी होय.

पार्श्वभूमी

भारतीय बॅडमिंटनची ओळख दीर्घकाळ प्रकाश पडुकोण, पुलेला गोपीचंद, सायना नेहवाल, पी.व्ही. सिंधू अशा एकेरीच्या खेळाडूंमुळे होती. ज्वाला गुट्टा व अश्विनी पोनप्पा यांनी २०११ मध्ये जिंकलेले जागतिक कांस्यपदक हा त्यातील ठळक अपवाद. सात्विक व चिराग यांना मलेशियाचे प्रशिक्षक तान किम हर यांनी एकत्र आणले. दोघेही मागच्या भागातून स्मॅश मारणारे असल्याने जाळीजवळचा खेळ चिराग यांना नव्याने आत्मसात करावा लागला. सात्विक यांच्या ताशी ५६५ किलोमीटर वेगाच्या स्मॅशची गिनेस विक्रमात नोंद आहे. मात्र हा वेग सामन्यात नव्हे, तर एप्रिल २०२३ मध्ये जपानमधील चाचणीत मोजला गेला.

ऑलिंपिक

टोकियो ऑलिंपिकमध्ये या जोडीने गटातील तीनपैकी दोन सामने जिंकले. तैवानच्या ली यांग व वांग ची-लिन यांना त्यांनी २१-१६, १६-२१, २७-२५ असे हरवले. परंतु गटातील तीन जोड्यांचे प्रत्येकी दोन विजय झाल्याने निर्णय जिंकलेल्या व हरलेल्या गेमच्या फरकावर झाला. भारतीय जोडी एका गेमने मागे राहून बाद झाली. पुढे सुवर्णपदक ली व वांग यांनीच जिंकले.

पॅरिस २०२४ मध्ये उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाच्या आरोन चिया व सोह वूई यिक यांनी पहिला गेम गमावल्यावर त्यांना २१-१३, १४-२१, १६-२१ असे पराभूत केले.

थॉमस चषक

मे २०२२ मध्ये बँकॉक येथे भारताने इंडोनेशियाला ३-० असे नमवून थॉमस चषक प्रथमच जिंकला. अंतिम लढतीतील दुहेरीत या जोडीने मोहम्मद अहसान व केविन संजया सुकामुल्जो यांच्यावर १८-२१, २३-२१, २१-१९ असा विजय मिळवला. दुसऱ्या गेममध्ये त्यांनी मॅच पॉइंट वाचवले होते.

इतर प्रमुख यश

• राष्ट्रकुल खेळ: रौप्य (२०१८), सुवर्ण (२०२२)
• जागतिक अजिंक्यपद स्पर्धा: कांस्य (२०२२, २०२५)
• आशियाई अजिंक्यपद स्पर्धा, दुबई: सुवर्ण (२०२३)
• इंडोनेशिया ओपन: विजेतेपद (२०२३); सुपर १००० दर्जाची स्पर्धा जिंकणारी पहिली भारतीय जोडी
• आशियाई खेळ, हांगचौ: सुवर्ण (२०२३ मध्ये आयोजित)

पुरस्कार

दोघांनाही २०२० चा अर्जुन पुरस्कार आणि २०२३ चा मेजर ध्यानचंद खेलरत्न पुरस्कार देण्यात आला.