होळकरी हद्दीतील एक पाचबारी

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत दिवाणखान्यातील तलवारीविषयी भरभरून बोलले जाते. कपाटाच्या आतल्या खणातील पिस्तुलाविषयी सहसा कोणी बोलत नाही. तलवार पूर्वजांची, म्हणून ती इतिहासाची. पिस्तूल ठाण्याच्या नोंदवहीतले, म्हणून ते सरकारचे, अशी काहीशी आपली समजूत असावी. शासकीय सेवेत काही वर्षे शस्त्र-परवान्यांच्या फायली माझ्या हाताखालून गेल्या आणि असे एक हत्यार आमच्याही घरी होते. या दुहेरी नात्याने हे टिपण लिहीत आहे.

आमच्याकडचे रिव्हॉल्वर ‘बुलडॉग’ जातीचे होते. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीने १८७२ मध्ये ही जात बाजारात आणली. नळी अवघी अडीच इंचांची, फिरत्या चक्राला पाच घरे आणि गोळी मात्र .४४२ किंवा .४५० इंचाची. कोटाच्या खिशात मावावे एवढे हत्यार, पण तोंड लष्करी पिस्तुलाचे. याचे कारण त्या काळच्या काळ्या दारूत होते. तिच्याने गोळीला फारसा वेग येत नसे, आखूड नळीत तर आणखीच कमी. ती उणीव शिशाच्या वजनाने भरून काढावी लागे. लांबचा नेम साधण्यासाठी हे हत्यार नव्हतेच. ते हातभर अंतरावरच्या प्रसंगासाठी होते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या स्टेशनावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या याच जातीच्या रिव्हॉल्वरमधून. पुढे बेल्जियममधील लीएजच्या कारागिरांनी त्याच्या असंख्य नकला केल्या. आमच्या पाचबारीवर लीएजचाच शिक्का होता. पणजोबांनी ‘अस्सल विलायती’ म्हणून घेतलेली वस्तू नक्कल निघावी, हे आमच्या घरात शेवटपर्यंत कोणी मान्य केले नाही.

पणजोबा होळकर दरबारच्या नोकरीत परगण्याचे अमीन होते. वसुलीच्या दिवसांत रामपुऱ्याकडे जावे लागे. होळकरांचा मुलूख सलग नव्हता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. इंदूरहून रामपुऱ्याला निघालेला मनुष्य उज्जैन-मंदसोरच्या वाटेने शिंद्यांच्या हद्दीतून जाई. आगगाडीत बसला तर रेल्वेच्या जमिनीवर इंग्रजांचा अंमल. इंदुरातच रेसिडेन्सीच्या आवारात रेसिडेंटाचा हुकूम चाले, आणि तेरा मैलांवर महूची छावणी होती. १८१८ च्या मंदसोरच्या तहाने आखलेल्या या हद्दी जमिनीवर दिसत नसत. खिशात पिस्तूल असले म्हणजे मात्र त्या जाणवत.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८७८ च्या कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरले होते. यातून युरोपियनांना सूट होती, ही त्या कायद्याची खरी बोचणी. ती विषमता पुढे कित्येक वर्षे टिकली. संस्थानांच्या मुलखात मात्र दरबारचा शब्द चाले. त्यामुळे आपल्या हद्दीत दरबारी मनुष्याने बाळगलेले पिस्तूल हा मान होता आणि चार कोस पुढे तेच पिस्तूल अपराध होता. पणजोबा महूच्या वाटेला लागताना ते घरी ठेवून जात. रामपुऱ्याला जाताना दरबारची चिठ्ठी कागदांच्या थैलीत सर्वांत वर ठेवीत.

या मानाला तडा गेला तो १९२५ साली. त्या प्रकरणाचा उल्लेख आपल्या घरांत अजूनही दबक्या आवाजात होतो, पण शतक उलटल्यावर तो टाळण्यात अर्थ नाही. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला यांची मोटार अडवून त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. मारेकऱ्यांचा रोख त्यांच्यासोबतच्या मुमताज बेगम यांना पळवून नेण्यावर होता. गोल्फ खेळून परतणारे काही लष्करी अधिकारी योगायोगाने तेथे पोहोचले, म्हणून तो बेत फसला. लेफ्टनंट सीगर्ट यांनी गोळ्या अंगावर झेलत हातातल्या गोल्फच्या काठीने सामना केला. नऊ आरोपी उभे राहिले आणि धागेदोरे इंदूरला पोहोचले. आरोपींत आनंदराव फणसे यांच्यासारखे सरदार होते. त्यांच्या बचावासाठी बॅरिस्टर जिना उभे राहिले. दोघे फासावर गेले आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये तुकोजीराव महाराजांनी गादी सोडली.

या प्रकरणाच्या राजकारणावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यात दरबारी माणसांची एक जुनी सवय दिसते. इंदुरात ज्यांना कोणी हटकीत नसे, ती माणसे मुंबईच्या रस्त्यावरही आपल्याला कोणी हटकणार नाही अशाच भ्रमात वावरली. त्या वर्षानंतर आजोबांनी पाचबारी खिशात घालणे सोडले, असे वडील सांगत. कोणी हुकूम दिला नव्हता. लग्नसमारंभात पाहुण्यांनी ‘काय, आणले आहे का?’ असे थट्टेने विचारू लागणे आजोबांना पुरेसे झाले.

२८ मे १९४८ रोजी मध्यभारत अस्तित्वात आला, पुढे हिंदुस्थानचे कायदे येथे लागू झाले आणि दरबारच्या चिठ्ठीची जागा परवान्याच्या पुस्तिकेने घेतली. तेव्हा एक नवाच प्रश्न उभा राहिला. १९२४ च्या नियमांनी .४४१ पासून .४५५ पर्यंतची सर्व पिस्तुले निषिद्ध व्यासाची ठरवली होती; लष्करी काडतुसे बंडखोरांच्या उपयोगी पडू नयेत हा हेतू. त्या मापात आमचे हत्यार नेमके अडकत होते. १९५९ चा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला तेव्हा नियमाची भाषा बदलली. व्यास किती, याऐवजी .३८० किंवा .४५५ चे काठाचे काडतूस आत बसून उडते का, हे पाहायचे ठरले. वडील हत्यार घेऊन तपासणीला गेले. .४५५ चे काडतूस घरात पुरते बसेना, थोडे बाहेर राहिले. त्या दोराएवढ्या फरकावर आमचे पाचबारी साधारण हत्यारांत जमा झाले. वडिलांच्या चेहऱ्यावरचे समाधान आई पुढे अनेकदा सांगे. त्याची काडतुसे बाजारात मिळत नव्हती, ही गोष्ट अलाहिदा.

वडील गेल्यावर ते मी ठाण्यात जमा केले. वारसाने परवाना मागण्याची सोय कायद्यात आहे. दुरुस्तीनेही चालू न होणाऱ्या पुरातन हत्याराला परवाना लागत नाही, हेही मला ठाऊक होते. पण आमच्या पाचबारीचा घोडा तेल दिल्याबरोबर पडत असे, आणि चालू वस्तू निकामी आहे असे लिहून देणे माझ्याने होईना. दुसऱ्यांच्या अशा अर्जांवर मी स्वतः शेरे मारले होते. दर निवडणुकीला ते ठाण्यात नेऊन ठेवायचे, मुदत संपली की नूतनीकरण करायचे, आणि माझ्यामागे हे करणारे इंदुरात कोणी नाही. मी वारसाचा अर्ज केला नाही.

मिळालेल्या पावतीवर ‘देशी कट्टा, एक’ अशी नोंद होती. चाळीस वर्षांच्या नोकरीत मी कोणाच्या नोंदीवर इतका अडून बसलो नसेन. अर्ध्या तासाने ती खोडून ‘विदेशी रिव्हॉल्वर, बेल्जियम’ असे लिहिले गेले.

ज्यांच्या घरी होळकर दरबारच्या शस्त्रांविषयीच्या चिठ्ठ्या वा जुन्या परवान्यांच्या पुस्तिका असतील, त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा मला दाखवाव्यात. झेरॉक्स काढून मूळ प्रत त्याच दिवशी परत करीन.