डार्विनची वाचनवही

वाचलेल्या पुस्तकांची यादी वहीत लिहून ठेवण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना शाळेतच लागलेली असते. पुस्तकाचे नाव, लेखक, वाचून झाल्याची तारीख आणि जमल्यास ओळभर अभिप्राय. चार्ल्स डार्विनही नेमके हेच करत असे. १८३८ ते १८६० या काळातील त्याच्या दोन वाचनवह्या केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. वाचायची पुस्तके आणि वाचलेली पुस्तके अशा वेगवेगळ्या याद्या त्यांत आढळतात. शेरे त्रोटक असतात. एखादे पुस्तक सुमार वाटले, एखादे नुसते चाळले, एवढेच.

अशा नोंदींचा उपयोग काय? एक उदाहरण पाहू. सजीवांत जगण्यासाठी झगडा चालतो, ही कल्पना डार्विनच्या मनात पक्की झाली ती माल्थसचा लोकसंख्येवरील निबंध वाचून. १८७६ मध्ये आत्मचरित्र लिहिताना त्याने सांगितले, की हा निबंध आपण ऑक्टोबर १८३८ मध्ये सहज, करमणूक म्हणून वाचला. वाचनवहीत तारीख आहे ३ ऑक्टोबर. परंतु त्याच्या दुसऱ्या एका टाचणवहीत माल्थसवरचे टिपण २८ सप्टेंबरलाच आलेले आहे! म्हणजे पुस्तक वाचता वाचताच विचारांना गती मिळाली होती. प्रजातींच्या प्रश्नाने पंधरा महिने झपाटलेला माणूस हे पुस्तक निव्वळ करमणुकीसाठी वाचत असेल, हे मला तरी पटत नाही. अडतीस वर्षांनंतरच्या आठवणीपेक्षा त्या वेळच्या वहीवर विश्वास ठेवावा, हे बरे.

२०१७ मध्ये जेमी मरडॉक, कॉलिन ॲलन आणि सायमन डिडिओ या संशोधकांनी या वह्यांकडे अगदी वेगळ्या नजरेने पाहिले. यादीतील साडेसहाशेहून अधिक इंग्रजी ललितेतर पुस्तकांचा मजकूर त्यांनी संगणकाला दिला. कोणत्या पुस्तकात कोणते विषय किती प्रमाणात आहेत हे काढले, आणि प्रत्येक पुस्तक आधी वाचलेल्या पुस्तकांपेक्षा किती वेगळे आहे हे मोजले. मग तीच पुस्तके यदृच्छेने कोणत्याही क्रमाने वाचली असती तर काय दिसले असते, याच्याशी तुलना केली. १८४६ पर्यंत डार्विन एका विषयाच्या आसपास खोदत राहतो असे दिसले. त्यानंतर आठ वर्षे तो बार्नॅकल या सागरी प्राण्यांच्या अभ्यासात गुंतला. १८५४ नंतर, म्हणजे १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ची जुळवाजुळव चालू असताना, त्याचे वाचन मात्र दूरदूर भटकू लागते. ग्रंथलेखन जवळ आले की वाचन आटोपशीर होईल, असे मला वाटले होते. घडले उलटेच. सिद्धांत हाती आल्यावर त्याला आधार देणारे पुरावे कुठेही सापडू शकतात, हे त्याचे कारण असावे.

या मोजणीला एक मर्यादा आहे. वहीत नाव आहे म्हणून पूर्ण पुस्तक वाचले असे धरावे लागते. डार्विन तर जड पुस्तक हाताळायला सोपे जावे म्हणून त्याचे सरळ दोन भाग करी, आणि शेवटच्या कोऱ्या पानावर उपयोगी मजकुराचे पृष्ठांक लिहून ठेवी. त्याने नेमके काय वाचले हे कळते ते या खुणांवरून.

आजचा ई-रीडर ही उणीव भरून काढतो, असे वाटू शकते. पुस्तक केव्हा उघडले, केव्हा मिटले, किती पाने उलटली, हे सारे तो न सांगता टिपतो. वाचायचे ठरवले पण कधी उघडलेच नाही, किंवा वाचून निराशा झाली, हे मात्र आपण लिहिल्याशिवाय त्याला कळत नाही. मध्यंतरी मी माझ्या ई-रीडरच्या नोंदी कंपनीकडून मागवून घेतल्या. हजारो ओळींचा तक्ता आला. त्यात एका रात्री चाळीस मिनिटांत एकच पान उलटल्याची नोंद आहे. त्या पानावरच्या समीकरणाशी मी अडलो होतो, की डोळा लागला होता, हे आता मलाही सांगता येत नाही.