मिळकतीचे मौन

बाईला वय आणि पुरुषाला पगार विचारू नये, असे आपल्याकडच्या सुशिक्षित घरांत मुलांना शिकवले जाते. हे वचन फार जुन्या शिष्टाचारातून आले असावे असे ऐकताना वाटते. पण पगार पुरुषाने मिळवायचा असतो, आणि तो महिन्याच्या महिन्याला कोणा मालकाकडून मिळतो, ही त्यातली दोन्ही गृहीतके नोकरदार मध्यमवर्गाची आहेत, आणि तो वर्ग आपल्याकडे इंग्रजी शाळेबरोबर वाढला. शिवाय ज्या घरात हे वचन शिकवले जाते त्याच घरात लग्नाची बोलणी सुरू झाली की 'मुलाला किती आहे?' हा प्रश्न चहा येण्यापूर्वीच विचारला जातो, आणि त्यात कोणाला असभ्यपणा दिसत नाही. म्हणजे मिळकतीविषयीचे हे मौन सर्वत्र सारखे नाही. कोणासमोर बोलायचे आणि कोणासमोर गप्प राहायचे, याचे काही नियम आहेत, आणि त्या नियमांना इतिहास आहे. त्या इतिहासातील दोन-तीन प्रसंग येथे पाहू.

आरंभ शब्दापासून करता येईल. 'पगार' हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. त्यांच्या भाषेत तो 'पैसे देणे' या अर्थाचे क्रियापद आहे. त्यापूर्वीचे 'मुशाहिरा' आणि 'तनखा' हे शब्द अरबी-फारशीतून दरबार आणि लष्कर यांच्यामार्फत आले. 'वेतन' हा संस्कृत शब्द असला तरी रोजच्या बोलण्यात तो कधी रुळला नाही. आजही आपण वेतन आयोगाची चर्चा करतो आणि पगाराची वाट पाहतो. रोख, ठरावीक आणि मासिक मिळकत सांगण्यासाठी भाषेला बाहेरून शब्द घ्यावे लागले, याचा एक अर्थ असा की खेड्यातील बहुसंख्य लोकांची मिळकत या स्वरूपाची नव्हती.

ती कशी होती, याचे तपशीलवार वर्णन त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात आहे. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट हे बलुतेदार वर्षभर गावाची कामे करीत, आणि पीक निघाले की आपापला वाटा घेत. वाट्याच्या मानाप्रमाणे त्यांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन ओळी मानल्या जात. या व्यवस्थेत मिळकत गुप्त ठेवणे अशक्यच होते. वाटा मिळायचा तो खळ्यावर, शेतकऱ्याच्या आणि इतर बलुतेदारांच्या देखत. कमी मिळाले तर भांडण तिथेच, मोठ्या आवाजात. वाटा हा हक्क होता, आणि हक्काविषयी बोलायला संकोच वाटत नाही. सुताराला कमी धान्य मिळाले म्हणजे तो माणूस म्हणून कमी ठरला असे कोणी म्हणत नसे, कारण तो वाटा त्याच्या गुणावर ठरलेला नव्हता. तो वहिवाटीने ठरलेला होता.

मात्र या उघडेपणाचे गोडवे गाण्यापूर्वी त्याची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. जो वाटा सर्वांसमोर दिला जातो तो सर्वांसमोर पायरीही दाखवतो. वतनदार महाराच्या पदरात काय आणि कसे पडते हे सगळे गाव पाहत असे, आणि त्या पाहण्यातच त्याची गावातील जागा रोज नव्याने पक्की होत असे. दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले, तेव्हा त्या एका शब्दातील सगळा भार वाचकाला जाणवला, तो यामुळेच. गावगाड्यात मिळकत उघड होती. पण ती उघड ठेवायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार मिळवणाऱ्याला नव्हता.

इंग्रजी राज्यात नोकरदार वर्ग वाढू लागला तेव्हा मौन लगेच आले असेही नाही. मुंबई सरकारची 'सिव्हिल लिस्ट' छापून प्रसिद्ध होत असे आणि तीत अधिकाऱ्यांची नावे, हुद्दे आणि वेतने दिलेली असत. सरकारी हुद्द्याचा आकडा हा लपवण्याचा नव्हे, मिरवण्याचा विषय होता. संकोच सुरू झाला तो आकड्याचा अर्थ बदलला तेव्हा. पगार म्हणजे वहिवाटीचा वाटा नव्हे आणि केवळ हुद्द्याचा दरही नव्हे, तर माणसाच्या लायकीचे किंवा त्याच्या गरजेचे माप, असे मानले जाऊ लागले. हे परिवर्तन जवळून पाहायचे असेल तर पुण्यातील एका प्रसिद्ध भांडणाकडे वळावे लागते.

१८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकर एम.ए. होऊन पुढल्या वर्षी त्यांना मिळाले. मोठ्या परीक्षा दिलेला आपला मुलगा आता मोठ्या पगारावर जाईल अशी आशा धरू नकोस, असे आगरकरांनी आईला कळवल्याची हकिकत मराठी वाचकाला परिचित आहे. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. संस्थेचे आजीव सदस्य अल्प वेतनावर आयुष्य देण्यास बांधलेले होते. गोखल्यांचा महिना ७५ रुपयांचा आकडा पुढे त्यागाचे प्रतीक म्हणून गाजला. आरंभीच्या वर्षांत तर वेतन याहूनही कमी होते. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की या मंडळात पगार उघड होता आणि समान होता. त्याविषयी बोलण्यात लाज नव्हती, किंबहुना थोडा अभिमानच होता.

तरीही हे मंडळ पगाराच्या प्रश्नावर दुभंगले. टिळक-आगरकर वादाची आपली आठवण 'आधी सामाजिक की आधी राजकीय' या सूत्रात अडकलेली असते, आणि तो मतभेद खराच होता. पण सोसायटीच्या आतील तंटा बऱ्याच अंशी पैशाविषयी होता. वेतन वाढवावे का, सभासदांनी संस्थेबाहेर मिळवलेले पैसे कोणाचे, आणि संस्थेबाहेर किती काम करावे, हे वादाचे प्रश्न होते. टिळकांचा आदर्श जेझुइट धर्मगुरूंच्या संस्थेचा होता. सर्वांनी सारख्याच अल्प वेतनावर राहावे, आणि इतर मार्गांनी काही मिळाले तर ते संस्थेचे मानावे, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की संस्थेचे काम चोख केल्यावर उरलेला वेळ आणि त्या वेळात लिहिलेले पुस्तक ज्याचे त्याचे. गोखल्यांचे अंकगणिताचे पुस्तक पुढे शाळाशाळांतून चालले, हे लक्षात घेतले म्हणजे हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता हे कळते. १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारल्याने ठिणगी पडली, आणि त्या वर्षअखेर टिळकांनी आपली बाजू विस्ताराने मांडणारा राजीनामा देऊन संस्था सोडली.

या भांडणात कोण बरोबर होते हे ठरवण्याची येथे गरज नाही. पाहण्यासारखे हे आहे, की समान आणि उघड पगारानेही मौन संपत नाही. ते एक पायरी खाली सरकते. आगरकर अत्यंत दारिद्र्यातून आलेले, दम्याने पोखरलेले, संसारी गृहस्थ होते. टिळकांची घरची स्थिती त्यांच्या मानाने बरी होती. दोघांच्या हाती तेवढेच रुपये पडले तरी ते दोन घरांत सारखे पुरणार नव्हते. पण 'मला हे पुरत नाही' असे म्हणायचे तर घरातील औषधपाणी, कर्ज, आश्रित नातेवाईक हे सगळे सहकाऱ्यांच्या बैठकीत मांडावे लागते. ज्या मंडळाने गरिबी हे व्रत मानले, तेथे पैशाची निकड बोलून दाखवणे म्हणजे व्रतभंगाची कबुली देणे. पगाराचा आकडा सर्वांना माहीत होता. गरजेचा आकडा मात्र सांगण्याची सोय नव्हती. आगरकर १८९५ मध्ये, अवघ्या चाळिशीच्या आत वारले, तेव्हा स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी वेगळे बांधून ठेवलेले आढळले, अशी आठवण सांगितली जाते. ती आठवण आपण त्यागाची म्हणून सांगतो. मला ती मौनाचीही वाटते. शेवटच्या खर्चासाठीसुद्धा कोणाला विचारण्याची वेळ येऊ नये, अशी ती व्यवस्था होती.

टिळकांच्या जाण्याने रिकाम्या झालेल्या गणिताच्या जागेवर १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे आले. त्यांचे 'आत्मवृत्त' (१९१५) वाचताना मिळकत, शिल्लक आणि देणगी यांविषयी ते किती सहज बोलतात याचे आश्चर्य वाटते. याचे कारण त्यांच्या स्वभावात असेल. पण मला वाटते ते त्यांच्या कामातही आहे. ज्याला रोज उठून लोकांकडे वर्गणी मागायची आहे, त्याला स्वतःचा हिशेब झाकून चालत नाही. उलट आनंदीबाई कर्व्यांचे 'माझे पुराण' वाचले म्हणजे त्या सार्वजनिक हिशेबाची घरातली बाजू दिसते. नवऱ्याने देऊन टाकलेल्या पैशांवर तिचाही काही हक्क होता का, हा प्रश्न तेथे उभा राहतो. मिळकतीचे मौन जितके पुरुषांनी परक्यांपुढे पाळले, तितकेच ते घरात बायकोपुढेही पाळले गेले, हे अशा आत्मकथनांमुळे ध्यानात येते.

मध्यमवर्गातील हे मौन रुजत असताना मुंबईत, १९२८ साली, एका महिन्याच्या अंतराने दोन घटना घडल्या. मार्चमध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. महाराने वतनाच्या नावाखाली अनिश्चित मोबदल्यावर सरकारची आणि गावाची कामे करीत राहण्याची ही पद्धत मोडावी, हा त्यामागील हेतू. खळ्यावरच्या त्या उघड वाट्यातून सुटून ठरलेल्या रोख वेतनाकडे जाणे हीच येथे मुक्ती होती. शहरात पगार घेणारा माणूस आपल्या गावाला आकडा सांगण्यास बांधलेला नव्हता. हे न सांगण्याचे स्वातंत्र्य त्याच्या पूर्वजांना कधीच मिळालेले नव्हते.

एप्रिलमध्ये गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप सुरू झाला आणि तो सुमारे सहा महिने चालला. त्या काळी एकाच कामाचे दर गिरणीगणिक वेगळे असत. दरांचे प्रमाणीकरण हा त्या संपातील आणि पुढे नेमलेल्या फॉसेट समितीपुढील एक मुख्य प्रश्न होता. असा प्रश्न उभा राहण्यासाठी एका गिरणीच्या कामगाराने दुसऱ्या गिरणीच्या कामगाराला 'तुला किती मिळतात?' असे विचारावे लागते, आणि त्याने खरे उत्तर द्यावे लागते. चाळीच्या जिन्यात झालेल्या अशा बोलण्यांतूनच मागणीपत्र तयार होते. त्याच वेळी आंबेडकरांनी, चांगला पगार देणाऱ्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नाही, या गोष्टीवर बोट ठेवले. म्हणजे कामगारांच्या आपसातील बोलण्यातही एक मौन होते, आणि ते जातीचे होते.

या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे मौनाची दोन टोके दिसतात. दुर्बळाला आपली मिळकत झाकता येणे हा त्याच्या प्रतिष्ठेचा भाग असू शकतो. पण सगळ्यांनीच ती झाकली तर ज्याने दर ठरवले त्याला जाब विचारणारा कोणी उरत नाही. संकोच वाटतो पगार घेणाऱ्याला, आणि फायदा होतो देणाऱ्याचा.

आपल्या पेशात हे रोज अनुभवाला येते. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, पहिला वेतन आयोग नेमला गेला, आणि तेव्हापासून सरकारी वेतनश्रेणी हा छापील, सार्वजनिक विषय आहे. कायम प्राध्यापकाचा पगार विद्यार्थ्यांनाही अंदाजे माहीत असतो, आणि त्यावरून होणारी थट्टा तो हसून सोसतो. पण त्याच शिक्षक-कक्षात, त्याच टेबलाशी, तोच अभ्यासक्रम शिकवणारा तासिका तत्त्वावरील सहकारी बसलेला असतो. महागाई भत्त्याचा विषय निघाला की तो वर्तमानपत्र उघडतो. त्याचे मानधन किती, ते किती महिन्यांनी येते, सुट्टीत काय होते, हे आपण त्याला विचारत नाही. विचारले तर त्याला वाईट वाटेल, असे आपण स्वतःला सांगतो. यात सभ्यता नाही असे मी म्हणणार नाही. मीही कितीदा तेथे विषय बदलला आहे. पण आता वाटते, की त्याच्या संकोचाआड आपण आपलाही संकोच ठेवत होतो. त्याचा आकडा ऐकला असता तर आपल्या आकड्याविषयी काही बोलावे लागले असते.

खळ्यावरचा तो उघडेपणा परत यावा असे कोणी म्हणणार नाही; तो ज्या उतरंडीवर उभा होता तिच्यासकट तो गेला हेच बरे. सोसायटीच्या आजीव सदस्यांनी करून पाहिलेला प्रयोगही टिकला नाही, कारण तेथे पगार उघड होता पण गरज बोलता येत नव्हती. जिन्यातल्या गिरणी कामगारांना मात्र एक गोष्ट कळली होती. 'तुला किती मिळतात?' हा प्रश्न चौकशीसाठी विचारला तर उद्धटपणा होतो; स्वतःचा आकडा आधी सांगून विचारला तर ती सोबत होते. शिक्षक-कक्षात निदान एवढी सुरुवात कायम असलेल्यांनी करायला हरकत नाही.