पाठ काढलेल्या खुर्चीची कुळकथा

तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 साली सुरू झालं. तेव्हा विशीत तिथे कामाला लागलेला माणूस आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे. त्याच्या मागोमाग एमआयडीसीत आलेले, मशीनपुढे उभं राहून पाळ्या काढलेले फिटर-ऑपरेटरही निवृत्त होऊ लागले. शेजारचं बोईसर म्हणजे कमावत्या तरुणांची वस्ती, असं धरून चालायचे दिवस गेले. डॉक्टर या निवृत्तांना व्यायाम करा म्हणतात, आणि यांचा प्रश्न एकच असतो: खाली बसलो तर उठवणार कोण?

या प्रश्नाचं एक उत्तर मंडपवाल्याच्या गोदामात सापडतं. घडीची लोखंडी खुर्ची. तिच्या पाठीचा पत्रा काढला आणि नुसती चौकट ठेवली, की जगभरच्या योगवर्गांत वापरलं जाणारं साधन तयार होतं. त्याचं कूळ पुण्याचं.

बी. के. एस. अय्यंगार 1937 साली डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला पुण्यात आले, तेव्हा अठरा वर्षांचे होते. जन्म 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतला. मलेरिया, टायफॉइड, क्षय असं सगळं लहानपणीच भोगून झालेलं. पुढे 1966 मध्ये त्यांचं ‘लाइट ऑन योगा’ आलं. त्यातली छायाचित्रं पाहून सामान्य वाचकाला वाटतं, हे आपलं काम नव्हे. पण याच माणसाकडे संधिवाताचे, पाठदुखीचे, वयाने वाकलेले लोक येत होते, आणि बेल्जियमच्या राजमाता एलिझाबेथ ऐंशी ओलांडल्यावर त्यांच्याकडे शीर्षासन शिकल्या. अशा शरीरांना आसनात बसवण्याचा खटाटोप सुरुवातीला विटा आणि रस्त्याकडेचे दगड उचलून झाला. मग लाकडी ठोकळे, पट्टे, लोड, बाकं, भिंतीत अडकवलेले दोर आणि ही खुर्ची आली. मॉडेल कॉलनीत 1975 साली त्यांची संस्था उभी राहिली, तिथे हा सारा सरंजाम नांदू लागला. 1979 मध्ये अय्यंगारांनाच स्कूटरचा अपघात झाला. पाठ आणि खांदे जायबंदी झाले, आणि इतरांसाठी जमवलेल्या त्याच आधारांवर त्यांना आपली आसनं पुन्हा कमवावी लागली.

‘आधार घेतला म्हणजे तो खरा योग नव्हे’ अशी कुरकुर तेव्हाही झाली, आजही होते. ती मला पटत नाही. पतंजलीच्या सूत्रांवरच्या व्यासभाष्यात आसनांची जी यादी आहे, तीत ‘सोपाश्रय’ हे एक आसन आहे. वाचस्पती मिश्रांनी ते योगपट्ट लावून बसण्याचं म्हणून सांगितलं. योगपट्ट म्हणजे पाठ आणि गुडघे यांना वेढणारा पट्टा. योगनरसिंहाच्या मूर्तींत तो गुडघ्यांभोवती कोरलेला दिसतो. आणि समर्थ रामदासांच्या चित्रातली कुबडी कुठल्या मराठी माणसाने पाहिलेली नाही? जपाला बसलेल्या साधूचा हात टेकायला ती होती. देवाला पट्टा चालतो, समर्थांना कुबडी चालते, मग तारापूरच्या अणुवीज केंद्रातल्या निवृत्त टेक्निशियनला खुर्ची का चालू नये?

खुर्चीचं काम कसं चालतं ते पाहण्यासारखं आहे. पाठ काढल्यामुळे चौकटीतून पाय पलीकडे घालून उलटं बसता येतं. मग आडवी बैठक पाठीला खालून तोलते, आणि मागे वाकताना कण्यावर एकदम भार येत नाही. बाजूला तोंड करून बसलं की चौकट धरून कंबरेतून पीळ देता येतो. गुडघे पूर्ण मुडपावे लागत नाहीत. हलासनात मांड्या बैठकीवर विसावतात. उभ्या आसनांत तीच खुर्ची कठडा होते. व्हीलचेअरवर बसणारा माणूस यातले वरच्या धडाचे बरेच प्रकार आपल्या जागेवरूनच करू शकतो. पाऊल उचलता न येणाऱ्याचेही खांदे, मान आणि श्वास शाबूत असू शकतात, हे आपल्या व्यायामशाळांना अजून पुरतं उमगलेलं नाही.

अमेरिकेत हीच कल्पना वेगळ्या वाटेने गेली. तिथे बसूनच करायचा ‘चेअर योगा’ रुळला आणि आता व्हिडिओंतून आपल्याकडे परत येतो आहे. येऊ दे. फक्त त्यासाठी नवी महागडी खुर्ची घ्यायची गरज नाही.

घरी करायचं तर दोन गोष्टी पाळा. प्लास्टिकची खुर्ची घेऊ नका. तिचे पाय फाकतात, हात आड येतात. लोखंडी खुर्ची भिंतीला टेकवून, खाली घसरणार नाही अशी चटई घालून वापरा, आणि पत्रा काढल्यावर कडा घासून घ्यायला फॅब्रिकेशनवाल्याला सांगा. रक्तदाब, काचबिंदू किंवा ठिसूळ हाडं असतील, तर उलटी आणि मागे वाकायची आसनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि जाणत्या शिक्षकाशिवाय नकोत.

बाकीचं काम सार्वजनिक आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा कलम 30 मध्ये सरकारांना क्रीडासुविधा त्यांना वापरता येतील अशा करायला सांगतो. आपण मात्र बागेत ओपन जिम बसवून मोकळे होतो, आणि तिच्या बहुतेक यंत्रांवर चढायला आधी धड पाय लागतात. पालघर-बोईसरच्या स्थानिक संस्थांनी पुढच्या वेळी ओपन जिमच्या निधीतले थोडे पैसे दहा-बारा लोखंडी खुर्च्या, भिंतीला एक भक्कम दांडा आणि आठवड्यातून दोनदा येणाऱ्या शिक्षकाचं मानधन यांवर खर्च करावेत.