‘ब्रुग्सन’ : एका डॅनिश शब्दाचे मूळ

डेन्मार्कच्या खेड्यातला माणूस साखर-कॉफी आणायला निघाला की ‘ब्रुग्सनमध्ये जातो’ म्हणतो. ब्रुग्सन म्हणजे रोजच्या किराण्याचे दुकान. गंमत अशी की या शब्दात विकणे नाही, विकत घेणे नाही, दुकानही नाही. ‘ब्रुग’ म्हणजे वापर. मूळ शब्द ‘ब्रुग्सफोरेनिंग’, म्हणजे वापरणाऱ्यांची मंडळी. त्यातली ‘मंडळी’ बोलता बोलता गळून गेली.

हा शब्द व्यापाऱ्याने दिलेला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. व्यापाऱ्याचा शब्द तिथे आधीपासून होता : ‘क्योबमान’. त्यातला ‘क्योब’ लॅटिन ‘काउपो’पासून, म्हणजे खानावळ चालवणाऱ्या, किरकोळ विक्री करणाऱ्या माणसापासून आलेला. राजधानी कोपनहेगनचे नावच मुळी ‘व्यापाऱ्यांचे बंदर’!

१८६६ साली युटलंडच्या वायव्येला, थिस्टेड गावात, हान्स क्रिस्टियान सोने या धर्मोपदेशकाने कामगारांची मंडळी काढून तिचे दुकान सुरू केले. नमुना इंग्लंडमधल्या रॉचडेलचा. तिथे १८४४ साली विणकर व इतर कामकऱ्यांनी, अवघ्या २८ जणांनी, असे दुकान काढले होते. एका सभासदाला एकच मत, आणि शिल्लक नफा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात परत. नफा भांडवलामागे न जाता वापरणाऱ्यामागे जायचा. शब्दात ‘वापर’ का बसला ते इथे उमगते. दुकान सांभाळणाराही क्योबमान नव्हे. तो ‘उद्देलर’, वाटप करणारा. शहरी कामगारांसाठी निघालेली ही कल्पना रुजली मात्र खेड्यांत, शेतकऱ्यांमध्ये. १८९६ साली या मंडळ्यांचा देशव्यापी महासंघ झाला. आज ‘कूप’ या सहकारी साखळीच्या पाट्यांवर ‘सुपरब्रुग्सन’ वाचायला मिळते.

वापरणारा तो सभासद, ही व्याख्या साधी नाही. आपल्याकडे सहकारी साखर कारखान्याचा ऊस उत्पादक सभासद व्हायला उसाचे शेत लागते. कोयता चालत नाही.

पण रॉचडेलचा आणखी एक नियम होता : व्यवहार रोखीचा, उधारी बंद. कर्जाच्या वहीतून गरिबाला सोडवणारा म्हणून त्याचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. मी मात्र तिथे अडखळतो. आमच्या घरी मजुरी बाजारच्या दिवशी यायची आणि चार दिवसांत संपायची. उरलेले दिवस आई वाण्याच्या वहीवर काढी. मीठ-मिरची ती वापरतच होती. रोख तेवढी नव्हती.