हेलिओसची रिंग फिरत का नाही?

चेहरा स्पष्ट आणि मागची झाडं भोवऱ्यासारखी गोल फिरलेली, असे पोर्ट्रेट फोटो इन्स्टावर तुम्ही नक्की पाहिले असतील. त्यातले बरेच हेलिओस ४४-२ या सोव्हिएत लेन्सचे असतात. जुनी लेन्स स्वस्तात मिळते, अडॅप्टर लावून आजच्या मिररलेस कॅमेऱ्यावर बसते, आणि घरी आली की पुष्कळदा कळतं की फोकसची रिंग जाम आहे. मग हात आपोआप पकडीकडे जातो. तो जरा आवरा, आधी हिची कुंडली बघू.

हिचा पूर्वज जर्मन. येना गावातल्या कार्ल झाइस कंपनीची बायोटार ५८ मिमी एफ/२, रचना विली मेर्ते यांची. १९४५ मध्ये येना आधी अमेरिकन सैन्याच्या हातात आलं. त्यांनी महत्त्वाचे तज्ज्ञ पश्चिमेला नेले आणि जुलैमध्ये गाव सोव्हिएत ताब्यात दिलं. मग युद्धाची भरपाई म्हणून कारखान्यातली यंत्रं पूर्वेला गेली, आणि ऑक्टोबर १९४६ मध्ये जर्मन तंत्रज्ञांनाही रशियात हलवलं गेलं. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये १९४२ पासून केएमझेड हा कारखाना होताच. तिथे १९५८ मध्ये ‘स्टार्ट’ कॅमेऱ्यासोबत हेलिओस-४४ आली. बायोटारचाच आराखडा, चार गटांत सहा भिंगं. पुढे झेनिट कॅमेऱ्यांसोबत ही लाखोंनी बनली. आपल्याकडच्या नगाचं वय बघायचं तर बहुतेक वेळा सिरीयल नंबरचे पहिले दोन आकडे बघायचे. माझ्यावर ७८ आहे, म्हणजे १९७८.

आता जामचं कारण. फोकस रिंगच्या आत हेलिकॉइड असतं, एकात एक फिरणारे धातूचे आटे. त्यांच्यात ग्रीस. ग्रीस म्हणजे साबणासारख्या पदार्थात धरून ठेवलेलं तेल. चाळीस-पन्नास वर्षांत तेल त्यातून सुटतं आणि मागे उरतो मेणासारखा घट्ट लगदा. आणि सुटलेलं तेल कुठे जातं? सरपटत थेट अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर. म्हणजे जड रिंग आणि तेलकट पाती या दोन तक्रारी दिसतात वेगळ्या, पण आजार एकच. म्हणूनच जाम रिंगवर गंज काढायचा स्प्रे मारणं हा मला सगळ्यात वाईट सल्ला वाटतो. बाहेरून दिलेलं पातळ तेल त्याच वाटेने पात्यांवर आणि भिंगांवर जाणार.

पात्यांबद्दल मात्र घाबरू नका. ४४-२ प्रीसेट जातीची आहे, तिची आठ पाती तुम्ही हाताने रिंग फिरवूनच हलवता. थोडं तेल असलं तरी ती चालतात, उगाच उघडू नका. नंतरच्या ४४एम मध्ये क्लिकच्या क्षणी पाती स्प्रिंगने मिटावी लागतात. तिथे तेच तेल फोटो बिघडवतं.

रिंग नुसती जड असेल तर हेअर ड्रायरने कोमट करून सावकाश पुढे-मागे करा. गरम नाही, कोमट! जास्त तापवलं तर तेल आणखी सुटतं. रिंग मोकळी झाली तरी हा तात्पुरता उपाय आहे, खरा उपाय जुनं ग्रीस धुऊन नवं लावणं. पुढच्या कड्याला पकडायला खाच नसते. त्याला कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून आणलेला जुन्या ट्यूबचा तुकडा लावून तळहाताने दाबत फिरवायचं. खाचा असलेल्या कड्यांना लेन्स स्पॅनर. कंपास वापरला तर तो निसटून भिंगावर ओरखडा मारेल. कारखान्यात काही आट्यांवर लाखेसारखा लेप लावलेला असतो. तिथे काडीच्या टोकाने अ‍ॅसिटोनचा एकच थेंब, तोही रंगवलेल्या आकड्यांपासून लांब. स्क्रू बारीक असतात, त्यांना मापाचाच ड्रायव्हर हवा. एकदा डोकं झिजलं की तो स्क्रू ड्रिलने काढावा लागतो.

सगळ्यात महत्त्वाचं, हेलिकॉइडचे आटे साध्या बाटलीच्या झाकणासारखे नसतात, त्यांना एकापेक्षा जास्त सुरुवाती असतात. त्यामुळे सुटे करताना ते ज्या ठिकाणी एकमेकांना सोडतात, तिथेच दोन्हीवर पेन्सिलीने खूण करा आणि फोटो काढा. चुकीच्या सुरुवातीत बसवले तर रिंग मस्त फिरेल, पण अनंतावरचा फोकस कधीच लागणार नाही. मग प्रत्येक सुरुवात तपासत बसा! जुनं ग्रीस लायटर फ्लुइडने पुसा, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. नवं ग्रीस मात्र आट्यांवर पुसट थर दिसेल इतकंच.

तुमच्याकडे हेलिओस असेल तर पहिले दोन आकडे कळवा. ५८ ने सुरू होणारी कोणाकडे निघाली, तर मला आधी सांगा!